पेशीतील ऑक्सिश्वसन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

चंद्रपूर शहरालगत ऊर्जानगर येथे असलेले महाऔष्णिक विद्युत केंद्र हे पूर्व विदर्भातील ऊर्जानिर्मितीचे सर्वपरिचित स्थान होय. १९८३-८४ मध्ये त्याचे पहिले संच सुरू झाले. २९२० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्रात दगडी कोळशातील कार्बनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते आणि वीज तयार होते. या केंद्रापासून काही तासांच्या अंतरावर, गडचिरोली जिल्ह्यात, मार्च-एप्रिलच्या पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचायला निघालेल्या स्त्रीच्या शरीरातही मूलतः हीच क्रिया चाललेली असते. तेथेही कार्बनयुक्त इंधन आहे, ऑक्सिजन आहे आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणीच बाहेर पडते. एवढेच काय, तेथेही एक टर्बाइन फिरत असते.

फरक आहे तो पद्धतीचा. बॉयलरमधील तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. शरीरातील पेशीला हे सारे काम सदतीस अंशांवर करावे लागते. ज्वाला न पेटविता इंधन कसे जाळावे, हा पेशीपुढचा प्रश्न आहे. त्याचे तिने शोधलेले उत्तर म्हणजे ऑक्सिश्वसन.

प्रस्तुत लेखात ऑक्सिश्वसनाची क्रिया या दोन जिल्ह्यांतील परिचित गोष्टींच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. मोहाचा सडवा, धानाची बांधी आणि सिकलसेलचा रुग्ण यांचा एकमेकांशी काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : अन्न आहे, पण ऑक्सिजन पोहोचत नाही; मग पेशीने काय करावे? वनप्रदेशातील कुपोषणाची चर्चा होते ती बहुधा पोटात किती अन्न जाते याभोवती. अन्न पोटात गेल्यानंतरही पेशी उपाशी राहू शकते, ही बाजू त्या चर्चेत क्वचितच येते.

श्वासोच्छ्वास म्हणजे श्वसन नव्हे

बोलीभाषेत आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. छातीच्या भात्याने हवा आत-बाहेर करणे हा श्वासोच्छ्वास. ते केवळ वाहतुकीचे काम आहे. श्वसन घडते ते पेशीत, आणि त्याचा मुख्य भाग पेशीतील तंतुकणिका या सूक्ष्म अंगकात. हृदयाच्या स्नायूच्या एका पेशीत अशा हजारो तंतुकणिका असतात. वनस्पतींच्या पेशींतही त्या असतात. झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्रीच श्वसन करतात, हा विद्यार्थ्यांमध्ये आढळणारा समज चुकीचा आहे; साग असो वा मोह, झाडाची जिवंत पेशी रात्रंदिवस श्वसन करीत असते.

ग्लुकोजचा प्रवास

पेशीचे मुख्य इंधन ग्लुकोज. एक मोल, म्हणजे १८० ग्रॅम, ग्लुकोजचे संपूर्ण ऑक्सिडीकरण झाले तर सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा मुक्त होते. ती एकदम मुक्त झाली तर पेशी भाजून निघेल. म्हणून ग्लुकोज टप्प्याटप्प्याने मोडले जाते आणि प्रत्येक टप्प्यावर एक विशिष्ट विकर काम करते.

पहिला टप्पा ग्लुकोज-विघटनाचा. तो तंतुकणिकेबाहेर, पेशीद्रव्यात पार पडतो. दहा पायऱ्यांच्या या क्रियेत सहा कार्बन अणूंच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बन असलेल्या पायरुविक आम्लाच्या दोन रेणूंत रूपांतर होते. निव्वळ लाभ एटीपीच्या दोन रेणूंचा. एटीपी, म्हणजेच ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, हे पेशीचे ऊर्जाचलन होय. स्नायूचे आकुंचन असो, मज्जातंतूतील संदेश असो वा नव्या प्रथिनाची जुळणी असो, पेशीतील व्यवहार याच नाण्यात चालतात. १९२९ मध्ये हा पदार्थ दोन ठिकाणी स्वतंत्रपणे ओळखला गेला. जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बराव यांनी. सुब्बराव मूळचे आंध्रातील भीमवरमचे. एटीपी शिकविताना हे नाव वर्गात क्वचितच उच्चारले जाते, ही खेदाची बाब म्हणावी लागेल.

या पहिल्या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पुढील विवेचनाचा बराचसा आधार त्यावर आहे.

दुसऱ्या टप्प्यात पायरुविक आम्ल तंतुकणिकेत शिरते, कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू गमावते आणि ॲसेटिल-को-एन्झाइम-ए या रूपात क्रेब चक्रात प्रवेश करते. हान्स क्रेब्स यांनी इंग्लंडमधील शेफिल्ड येथे कबुतराच्या स्नायूंवर प्रयोग करून १९३७ मध्ये या चक्राची मांडणी केली. चक्राच्या प्रत्येक फेरीत उरलेले दोन कार्बन अणू कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतात. येथेही ऊर्जा एटीपीच्या रूपात फारशी हाती येत नाही. ग्लुकोजमधील उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन काढून घेऊन ते एनएडीएच आणि एफएडीएच-२ या वाहक रेणूंवर चढविणे हे या चक्राचे खरे काम. बाजार समितीत धान काटा होऊन पडले आहे, हुंडीही हाती आली आहे, पण रोकड अजून मिळालेली नाही, तशी ही अवस्था असते.

रोकड मिळते तिसऱ्या टप्प्यात. तंतुकणिकेला दोन पटले असतात. आतील पटल घड्यांचे असून त्यात प्रथिनांची एक साखळी बसविलेली असते. वाहक रेणू आपले इलेक्ट्रॉन या साखळीच्या वरच्या टोकाला देतात. लोह व तांबे असलेल्या प्रथिनांवरून इलेक्ट्रॉन पायरी-पायरीने खाली उतरतात आणि त्या उतारात सुटणाऱ्या ऊर्जेवर हायड्रोजनचे धनप्रभारित आयन, म्हणजे प्रोटॉन, पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. एका बाजूला प्रोटॉनांची गर्दी होते. धरणाच्या भिंतीआड पाणी साठावे तशी ही गर्दी परत येण्याची वाट शोधते. ती वाट एकाच जातीच्या प्रथिनातून जाते : एटीपी सिंथेस. प्रोटॉन त्यातून वाहू लागले की या प्रथिनाचा मधला दांडा अक्षरशः फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्यात एटीपीचे तीन रेणू तयार होतात.

पीटर मिचेल यांनी ही प्रोटॉनांची कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांना ती मान्य नव्हती. १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दांडा फिरतो हे जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. त्याच वर्षी या प्रथिनाच्या कार्यपद्धतीसाठी पॉल बॉयर व जॉन वॉकर यांना नोबेल जाहीर झाले. ऊर्जानगरच्या टर्बाइनची आठवण येथे केवळ अलंकार म्हणून दिलेली नाही, हे यावरून लक्षात येईल.

मग ऑक्सिजनचे काम काय?

साखळीच्या अगदी खालच्या टोकाला पोहोचलेले, ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉन कोणीतरी स्वीकारून बाजूला नेले पाहिजेत. ते काम ऑक्सिजन करतो. चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेऊन ऑक्सिजनच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू होतात. इतकेच.

यावरून एक सार्वत्रिक गैरसमज दूर व्हावा. आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजनच कार्बनशी जोडला जाऊन कार्बन डायऑक्साइड होतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. चुलीत तसेच घडते. पेशीत मात्र घेतलेल्या ऑक्सिजनचे पाणी होते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये असलेले ऑक्सिजनचे अणू मुख्यतः ग्लुकोजमधून व पाण्यातून आलेले असतात.

असे असताना ऑक्सिजनवाचून सारे थांबते कसे? कारण रांग मागे तुंबते. शेवटच्या प्रथिनावरचा इलेक्ट्रॉन उचलला गेला नाही तर त्याच्या मागचा पुढे सरकत नाही, त्याच्याही मागचा नाही. वाहक रेणू रिकामे होत नाहीत, आणि रिकामे वाहक नसल्याने क्रेब चक्रही ठप्प होते. सायनाइड हे विष साखळीतील याच शेवटच्या प्रथिनाला जखडते. रुग्णाच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशी तो वापरू शकत नाहीत. विषाची मात्रा मोठी असल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवतो, याचे कारण शरीरात एटीपीचा साठाच नसतो. प्रौढ माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी फार तर काहीशे ग्रॅम एटीपी असते, मात्र तेच रेणू पुनःपुन्हा मोडून-जोडून दिवसाकाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके एटीपी वापरले जाते.

३८ की ३०-३२?

एका ग्लुकोजपासून एटीपीचे ३८ रेणू मिळतात, असे अनेक पाठ्यपुस्तकांत व त्यांवर आधारलेल्या परीक्षांत आजही आढळते. त्यामागील हिशेब असा : एनएडीएचचे दहा रेणू, प्रत्येकी तीन एटीपी, एफएडीएच-२ चे दोन रेणू, प्रत्येकी दोन, शिवाय थेट मिळालेले चार. बेरीज ३८ होते. परंतु पटलातून प्रोटॉन नेमके किती ढकलले जातात आणि एका एटीपीला किती प्रोटॉन खर्ची पडतात याची मोजमापे झाल्यानंतर एनएडीएचमागे सुमारे अडीच व एफएडीएच-२ मागे सुमारे दीड एटीपी, असा दर ठरला. त्या हिशेबाने बेरीज ३२ येते. पेशीद्रव्यातील एनएडीएचचे इलेक्ट्रॉन कोणत्या मार्गाने आत नेले जातात त्यानुसार ती ३० पर्यंत उतरते. जुना आकडा पाठ्यपुस्तकांतून काढून टाकण्याची वेळ केव्हाच आली आहे. विद्यार्थ्याला परीक्षेत एक आणि पुढील अभ्यासात दुसरे लिहावे लागणे योग्य नव्हे.

प्रमाणित स्थितीत मोजले तर ग्लुकोजमधील ऊर्जेचा सुमारे एक-तृतीयांश भाग एटीपीत उतरतो. पेशीतील प्रत्यक्ष परिस्थितीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते, असे मानले जाते. कोळशावरील वीज केंद्रांची कार्यक्षमताही साधारण एक-तृतीयांशाच्या जवळपास असते. उरलेली ऊर्जा दोन्हीकडे उष्णता होते. केंद्र ती वाफेच्या ढगात सोडते, शरीर तिच्यावर आपली ऊब राखते.

वने आणि ऑक्सिजनचा साठा

गडचिरोलीच्या भूभागापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश वनाच्छादित आहे. त्यामुळे हा जिल्हा म्हणजे महाराष्ट्राचा ऑक्सिजन कारखाना, असे भाषणांतून वारंवार ऐकू येते. ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. परिपक्व अरण्य प्रकाशसंश्लेषणातून जितका ऑक्सिजन देते, जवळजवळ तितकाच झाडांच्या स्वतःच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजविणाऱ्या जीवाणू-बुरशींच्या श्वसनात खर्च होतो. वातावरणातील सुमारे २१ टक्के ऑक्सिजन साठला तो कुजण्यापूर्वीच गाडल्या गेलेल्या वनस्पतींमुळे व सूक्ष्मजीवांमुळे. वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा हा अशाच, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनांचा अवशेष होय. म्हणजे बल्लारपूर-घुग्घुसच्या जमिनीखाली असलेला कार्बन आणि आपण श्वासावाटे घेत असलेला ऑक्सिजन ही एकाच जुन्या हिशेबाची दोन अंगे आहेत. वने राखण्याची अन्य कारणे इतकी सबळ आहेत की त्यासाठी या चुकीच्या दाव्याची गरज पडू नये.

मोहाचा सडवा : ऑक्सिजनवाचून उपजीविका

वाळलेल्या मोहफुलांच्या वजनाचा साधारण निम्मा भाग साखरेचा असतो. ती फुले भाजून, कुटून, लाडू करून खाल्ली तर तीच साखर वर सांगितलेल्या तिन्ही टप्प्यांतून जाते. मडक्यात पाणी घालून भिजत ठेवली तर यीस्ट अर्थात किण्व या एकपेशीय बुरशीच्या तावडीत सापडते.

यीस्टच्या पेशीत तंतुकणिका असतात, ऑक्सिजन असेल तर ती ऑक्सिश्वसन करू शकते. परंतु सडव्याच्या आत ऑक्सिजन लवकरच संपतो. इलेक्ट्रॉन साखळी बंद पडते. उरते ते केवळ ग्लुकोज-विघटन. तेही थांबेल, कारण त्याला रिकामा वाहक, म्हणजे एनएडी, हवा असतो. तो रिकामा करून घेण्यासाठी यीस्ट पायरुविक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढते आणि उरलेल्या भागावर एनएडीएचमधील इलेक्ट्रॉन टाकून देते. जे तयार होते ते इथाइल अल्कोहोल. सडव्यावर येणारे बुडबुडे त्या कार्बन डायऑक्साइडचे असतात. यीस्टच्या दृष्टीने दारू हा कचरा आहे.

या मार्गाने एका ग्लुकोजमागे मिळतात अवघे दोन एटीपी. म्हणूनच ऑक्सिजन नसताना यीस्ट तितक्याच वाढीसाठी कितीतरी अधिक साखर फस्त करते. ही गोष्ट लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये नोंदविली होती. (साखर फार विपुल असेल तर यीस्ट ऑक्सिजनच्या उपस्थितीतही काही प्रमाणात अल्कोहोल बनविते, हा अपवादही नोंदविला पाहिजे.) न वापरलेली ऊर्जा जाते कोठे? ती अल्कोहोलमध्येच राहते. ग्लुकोज जाळल्यावर मिळणाऱ्या उष्णतेचा नऊ-दशांशाहून अधिक भाग त्यापासून झालेल्या अल्कोहोलमध्ये शिल्लक असतो. पहिल्या धारेची दारू निळसर ज्वालेने पेटते, ती याच शिल्लकीमुळे.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदीच्या सामाजिक-आर्थिक बाजूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पेशीच्या पातळीवरची एक बाजू मात्र अल्पपरिचित आहे. यकृत अल्कोहोल मोडते तेव्हा एनएडी मोठ्या प्रमाणात गुंतून पडते, आणि त्यामुळे यकृताचे नवे ग्लुकोज तयार करण्याचे काम मंदावते. दिवसभर मजुरी करून रिकाम्या पोटी दारू पिणाऱ्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. नशा समजून ज्याला पडून राहू दिले जाते तो कित्येकदा ग्लुकोजअभावी बेशुद्ध झालेला असतो.

आपल्या स्नायूंनाही हा आडमार्ग ठाऊक आहे. तेंदूपत्त्याचा भारा घेऊन चढ चढताना रक्ताकडून येणारा ऑक्सिजन अपुरा पडतो. स्नायू पायरुविक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करून वेळ मारून नेतो. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते या आम्लामुळे, हे मात्र खरे नाही. ते तास-दोन तासांत निघून गेलेले असते.

धानाची बांधी

जुलै महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील वरोरा-भद्रावती भागात संततधार लागली आणि शेतात पाणी साचले की कपाशी व सोयाबीन पिवळे पडू लागतात. त्याच दिवसांत पूर्वेकडील नागभीड, ब्रह्मपुरी, मूल आणि वैनगंगेपलीकडील आरमोरी भागात शेतकरी मुद्दाम पाणी अडवून, चिखलणी करून रोवणी करीत असतो. पाणी तेच, मग परिणाम वेगळे का?

पाण्यात ऑक्सिजनचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. जमिनीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांच्या पेशींना ऑक्सिजन मिळेनासा होतो. कपाशीचे मूळ मग दोन एटीपीच्या तुटपुंज्या मार्गावर येते. एवढ्या ऊर्जेत क्षार शोषून घेणे जमत नाही. भोवती पाणी असूनही मूळ पाणी ओढू शकत नाही, आणि पाने कोमेजतात. धानाच्या खोडात व मुळांत मात्र हवेच्या लांबट पोकळ्या असतात. पानांनी घेतलेला ऑक्सिजन या पोकळ्यांतून थेट चिखलातील मुळांच्या टोकांपर्यंत पोहोचतो. चिखलातून उपटलेल्या धानाच्या मुळांवर तांबूस लेप दिसतो, तो मुळांतून बाहेर झिरपलेल्या ऑक्सिजनने गंजलेल्या लोहाचा होय.

धानाच्या बियाचे सामर्थ्य याहूनही विशेष आहे. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पाण्यातही ते अंकुरते. त्या अवस्थेत ते मूळ सोडत नाही. साठविलेल्या पिष्टाचे अल्कोहोलापर्यंत विघटन करीत, मिळेल त्या अल्प ऊर्जेत केवळ अंकुराचे आवरण उंच वाढविते, जणू पाण्याबाहेर नळी काढण्यासाठी. नळी हवेला लागली की मूळ फुटते. नागभीड तालुक्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांनी शेतात वेगळी दिसणारी रोपे निवडून एचएमटी हे वाण विकसित केले, हे सर्वज्ञात आहे. त्या व अशा सर्व वाणांच्या मुळाशी चिखलात श्वास घेण्याची ही उपजत क्षमता आहे.

फुफ्फुसापाशी अडलेला ऑक्सिजन

माणसाच्या शरीरात अशा पोकळ नळ्या नाहीत. ऑक्सिजनला फुफ्फुस, रक्त आणि पेशी असा प्रवास करावा लागतो, आणि तो कोणत्याही टप्प्यावर अडू शकतो.

न्यूमोनियात तो पहिल्याच टप्प्यावर अडतो. फुफ्फुसातील वायुकोश द्रवाने भरतात. मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो, फुफ्फुसे ताठर होतात आणि बालक भरभर श्वास घेऊ लागते. हे लक्षण इतके विश्वासार्ह आहे की दोन महिन्यांखालील बालकात मिनिटाला ६०, वर्षाखालील बालकात ५० आणि पाच वर्षांखालील बालकात ४० वा त्याहून अधिक श्वास हे निकष जागतिक स्तरावर वापरले जातात. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये गडचिरोलीतील गावांत याच तत्त्वावर बालन्यूमोनियाचा प्रयोग सुरू केला. गावातीलच कार्यकर्त्यांना श्वास मोजून प्रतिजैविक देण्यास शिकविण्यात आले. ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे साधन करण्यात आले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि मिनिट संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. १९९० मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा या गावांतील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू सुमारे निम्म्याने कमी होते.

रक्तातील अडथळा : सिकलसेल

दुसरा टप्पा रक्ताचा. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहतो. परिपक्व तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतात, ही गंमतीची नव्हे तर महत्त्वाची बाब आहे. जी पेशी साऱ्या शरीराला ऑक्सिजन पोहोचविते ती स्वतः त्याला हात लावीत नाही. ग्लुकोज-विघटनातील दोन एटीपींवर आपले सुमारे १२० दिवसांचे आयुष्य काढते.

सिकलसेल आजारात या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार असल्याचे दाखविले. बदल नेमका कोणता ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले. ऑक्सिजन वाहत असताना हे हिमोग्लोबिन नीट वागते. पेशींना ऑक्सिजन देऊन झाला की मात्र त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्याच्या आकाराची व कडक होते. अशा पेशी केशवाहिन्यांत अडकतात. पलीकडच्या ऊतीला रक्त मिळत नाही, तेथील ऑक्सिजन आणखी घटतो, आणखी पेशी वाकड्या होतात. हाडांत, पाठीत, पोटात उठणाऱ्या असह्य वेदना म्हणजे त्या त्या ठिकाणच्या पेशींची गुदमर होय. शिवाय विळ्याच्या आकाराच्या पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होतात, त्यामुळे रक्तक्षय कायमचाच.

पूर्व विदर्भातील गोंड, माडिया, परधान आदी जमातींत या जनुकाचे प्रमाण लक्षणीय आहे. तथापि तो केवळ आदिवासींचा आजार नव्हे. विदर्भातील अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. एकाच पालकाकडून हे जनुक मिळालेली व्यक्ती वाहक असते व सामान्यतः निरोगी राहते. शिवाय तिला फाल्सिपेरम हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, हे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. महाराष्ट्रातील हिवतापाचा भार दीर्घकाळ गडचिरोलीवर राहिला आहे, हे पाहता जनुक येथे का टिकले याचा उलगडा होतो. दोन वाहकांचा विवाह झाल्यास मात्र प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते.

सिकलसेलग्रस्त तरुण रोवणीला गेला की दुपारीच बांधावर बसतो, शाळेतील मुलगी कवायतीत मागे राहते. त्यांना आळशी, कामचुकार म्हटले जाते. वस्तुतः त्यांच्या स्नायूंत ग्लुकोज असते, तंतुकणिकाही धडधाकट असतात. साखळीच्या शेवटी उभा राहून इलेक्ट्रॉन उचलणारा ऑक्सिजन तेवढा पुरेसा येत नाही. दोन एटीपींवर बत्तीस एटीपींचे काम होत नाही. त्यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. अशक्तपणा दिसला की लोहाच्या गोळ्या देण्याची प्रथाही येथे तपासून पाहिली पाहिजे. या रक्तक्षयाचे कारण लोहाची कमतरता हे नसते. वारंवार रक्त दिलेल्या रुग्णात लोह उलट साचून राहते. म्हणून फॉलिक आम्ल नियमित आणि लोह केवळ तपासणीत कमतरता आढळल्यास, असा वैद्यकीय संकेत आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेस प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही तिची उद्दिष्टे आहेत. तपासणीनंतर रुग्णाला जे सांगितले जाते त्यामागील कारण मात्र त्याला सहसा सांगितले जात नाही. भरपूर पाणी प्यावे, कारण शरीरातील पाणी घटले की तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते आणि ते जितके दाट तितके तंतू लवकर बनतात. थंडीपासून जपावे, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. पेशी केशवाहिनीत रेंगाळली की ऑक्सिजनविना राहण्याचा तिचा काळ वाढतो आणि फुफ्फुसाकडे परतण्याआधीच ती वाकडी होते. ताप अंगावर काढू नये, कारण तापात ऑक्सिजनची मागणीही वाढते आणि पाणीही घटते.

या आजाराचे बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने ठणठणीत असते. त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन शिल्लक असते व ते तंतूंत गुंफले जात नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते, त्यामुळे वेदनेचे झटके कमी होतात. औषध रोज घ्यावे लागते, आणि त्याने पांढऱ्या पेशी घटू शकत असल्याने रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. एटापल्ली वा भामरागड तालुक्यातील आतल्या गावातून त्यासाठी रुग्णालयापर्यंत येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे होय. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तेही अनेकदा शक्य होत आलेले नाही.